'मंजुरी मिळाली' म्हणजे विमान आलं नव्हं! डिफेन्सच्या बातम्या मोबाईलवर नीट कशा बघायच्या

मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूर चालू होतं तेव्हा आमच्या तालमीच्या ग्रूपवर रात्री साडेअकराला एक व्हिडिओ पडला, अंधारात लाल रेघा वर चालल्यात आणि विमान पेटून खाली येतंय, मी काय बघितलं न् काय नाही, दिला ढकलून पाच ग्रूपवर. सकाळी बारावीतला भाचा म्हणतो, मामा गेम हाय ही, खाली कोपऱ्यात बघ की, किती गोळ्या राहिल्यात त्याचा आकडा दिसतोय. खरंच दिसत होता. नंतर कळलं की आर्मा ३ नावाच्या गेमचे असले तुकडे जगभर खऱ्या युद्धाचे म्हणून फिरतात आणि ती बनवणाऱ्या कंपनीनं २०२२ लाच जाहीर सांगून टाकलंय की बाबांनो हे आमच्या गेममधलं आहे.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली, तीच सांगतो.

आधी पीआयबी उघडा, म्हणजे सरकारची पत्रकं काढणारं पत्र सूचना कार्यालय, पत्ता पीआयबी डॉट गव्ह डॉट इन. तिथं मंत्रालय निवडायची सोय आहे, संरक्षण मंत्रालय निवडा, तारीख टाका, त्या दिवशीचं सगळं समोर येतं. प्रत्येक पत्रकावर तारीख-वेळ असते आणि एक रिलीज आयडी नंबर असतो. कोण स्क्रीनशॉट टाकून 'सरकारनं सांगितलंय' म्हणाला की मी एवढंच विचारतो, नंबर दे. ९० टक्के लोक तिथंच गप होतात (टक्केवारी माझ्या अंदाजाची बरं का). मराठीतनं पण पत्रकं मिळतात पण सगळी नाही, म्हणून इंग्रजीतनं पण बघत जावा. त्यांचंच फॅक्ट चेक २०१९ पासून चालू आहे, सरकारच्या नावानं फिरणाऱ्या थापा तिथं पकडतात, फक्त ते सरकारचंच आहे हे ध्यानात ठेवा, सरकारची बाजू कळते, दुसरी बाजू दुसरीकडं बघायला लागते. एक्सवर लष्कराचं हँडल एडीजीपीआय नावानं आहे. निळी टिक आता पैसे भरून कुणालाबी मिळते, सरकारी खात्याला करड्या रंगाची असते, ती बघा.

आता मेन मुद्दा. बातमीतलं क्रियापद वाचा. आमच्याकडं कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या कट्ट्यावर निम्मी भांडणं ह्याच्यावरनंच होतात, कारण 'मंजुरी', 'करार', 'चाचणी' आणि 'दाखल' ह्या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि चॅनलवाले चारीला 'ताकद वाढली' म्हणून फटाके उडवतात. संरक्षण खरेदी परिषद, म्हणजे डीएसी, जी मंजुरी देते ती नुसती 'गरज मान्य' अशी असते, एओएन म्हणतात तिला. पुढं निविदा, चाचण्या, किमतीची घासाघीस, मग मंत्रिमंडळाची सुरक्षा समिती, मग कुठं सही. तेजस मार्क-१ए ह्या आपल्या देशी लढाऊ विमानाचंच बघा, आणखी ९७ विमानांना डीएसीची मंजुरी नोव्हेंबर २०२३ ला मिळाली, ६२,३७० कोटींचा करार झाला २५ सप्टेंबर २०२५ ला, आणि विमानं मिळायला सुरुवात २०२७-२८ पासून. त्याच्या आधीच्या ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ चा, पहिलं मार्च २०२४ ला यायचं होतं, तेपण लांबलं. राफेलचं तर १२६ विमानांसाठी २००७ पासून चाललं होतं, ते २०१५ ला गुंडाळलं, मग ३६ चा करार सप्टेंबर २०१६ ला आणि पहिली पाच अंबाल्याला उतरली २९ जुलै २०२० ला. म्हणून बातमी आली की आधी बघायचं, गाडी कुठल्या स्टॉपवर आहे.

पैशाचं बघायचं असंल तर बजेटची कागदं आणि संसदेच्या संरक्षण स्थायी समितीचे अहवाल, संसद डॉट इन वर फुकट आहेत. कंटाळवाणे आहेत पण माल तिथंच आहे. २०२५-२६ ला संरक्षणाला ६,८१,२१० कोटी, त्यातले १,६०,७९५ कोटी नुसत्या पेन्शनला. हा आकडा दिल्लीत बसून कोरडा वाटतो, शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळीला, घराघरात फौजी असलेल्या गावाला, जाऊन विचारा, लगेच समजंल. जगाची तुलना करायची तर स्वीडनची सिप्री ही अभ्यास संस्था, कुठल्या देशानं कुणाकडनं शस्त्रं घेतली ते १९५० पासूनचं फुकट बघायला मिळतं. देशांच्या लष्करी ताकदीचे नंबर लावणाऱ्या ग्लोबल फायरपॉवर साइटची रँकिंग मात्र ग्रूपवर टाकू नका, ती अण्वस्त्रं मोजतच नाही. जरा खोलात जायचं तर दिल्लीची मनोहर पर्रीकर संस्था, आयडीएसए, तिचे लेख चांगले असतात.

आणि घरात माझ्या आबांसारखं कोण रिटायर फौजी असंल तर त्यांना सैनिक समाचार लावून द्या. संरक्षण मंत्रालयाचं पाक्षिक, १९०९ ला फौजी अखबार म्हणून चालू झालेलं, मराठीतपण निघतं. आबा मराठा लाइट इन्फंट्रीतले, मोबाईल हातात धरत नव्हते, आता चष्मा लावून झूम करून वाचतात आणि आमच्याच चुका काढतात.

भरतीवाल्या पोरांना वेगळं सांगतो. लष्कराच्या अग्निवीरचं जे काय असंल ते जॉइन इंडियन आर्मी डॉट एनआयसी डॉट इन वर. लष्कराच्या भरतीचा म्हणून आलेला पत्ता हा नसंल तर फॉर्म भरू नका, फोटो आधार काय पण टाकू नका. २०२३ पासून आधी ऑनलाइन परीक्षा आणि मग मैदान असं झालंय, तरी अजून कोणतरी 'डायरेक्ट रॅली' चा मेसेज टाकतं आणि पोरं पहाटे चारला उठून पळायला लागतात. पळा, त्यात वाईट काय नाही, पण जाहिरातीची पीडीएफ स्वतः उघडून वाचा.

राहिलं एक. हायवेला तावडे हॉटेलपाशी लष्कराच्या गाड्यांची रांग दिसली की सगळ्यांचे मोबाईल वर होतात. एप्रिल २०२५ ला सरकारनं चॅनलवाल्यांना लेखी सांगितलं होतं की लष्करी हालचाली लाइव्ह दाखवू नका, आपली रील पण त्यातच येते. हात हलवून सलाम करा, मोबाईल खिशात ठेवा.