घरात कॅन्सर निघाला की नातेवाइकांनी पैशाच्या बाबतीत या चुका टाळा

आमच्या नात्यागोत्यात कोणाला कॅन्सर निघाला की फोन माझ्याकडे येतो. फाइल लावायला, फॉर्म भरायला, परळच्या टाटा हॉस्पिटलपर्यंत सोबतीला. दर वेळी माणसं वेगळी असतात, चुका मात्र त्याच.

आधी पैसे भरणं, मग योजना शोधणं. सगळ्यात महागात पडते ती ही चूक. माझ्या मावसबहिणीच्या यजमानांना जिभेचा कॅन्सर निघाला. रिपोर्ट आला त्याच रात्री दिरांनी ठरवलं, आता एक दिवसही थांबायचं नाही. जिल्ह्याच्या गावी एका खासगी हॉस्पिटलात भरती केलं. डिपॉझिटसाठी बहिणीच्या पाटल्या आणि गंठण तारण गेलं. ऑपरेशन नीट झालं, बिल चार लाखांच्या घरात आलं. त्याच हॉस्पिटलच्या तळमजल्यावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं टेबल होतं, योजनेची माहिती देऊन कागद पुढे पाठवणारा आरोग्यमित्र समोर बसलेला. केशरी रेशनकार्ड घरी कपाटात. मला कळलं ते डिस्चार्जच्या दिवशी. बहीण म्हणाली, "ताई, आम्हाला कोणी सांगितलंच नाही गं."

या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ती कॅशलेस आहे. हॉस्पिटल योजनेत हवं आणि मंजुरी उपचाराच्या आधी हवी. खिशातून भरून झालेले पैसे ती परत देत नाही. मुख्यमंत्री सहायता निधीचंही तसंच: पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात, झालेल्या खर्चाची भरपाई होत नाही. बहिणीच्या यजमानांचं पुढचं रेडिएशन आम्ही आरोग्यमित्राकडून मंजूर करून मगच सुरू केलं. गंठण मात्र अजून बँकेतच आहे.

घाई करणाऱ्यांचा मला राग येतो, कारण ती घाई रुग्णासाठी कमी आणि स्वतःची घालमेल शमवण्यासाठी जास्त असते. रक्ताच्या कॅन्सरचे काही प्रकार खरोखर तातडीचे असतात, तिथे थांबायचं नाहीच. बाकी वेळी डॉक्टरांना सरळ विचारा, "कागदांसाठी किती दिवस थांबलं तर चालेल?" मी पहिल्या भेटीला फळं नेत नाही, प्लॅस्टिकची फाइल नेते. रेशनकार्ड, आधार, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, फोटो, बायोप्सीचा रिपोर्ट. रेशनकार्डावर रुग्णाचं नाव आहे का आणि ते आधारशी जुळतं का, हे तिथेच बसून बघते. लग्नाला पंधरा वर्षं झालेल्या सुनेचं नाव कार्डावर चढवलेलंच नसतं, असं कितीतरी घरांत निघतं.

पहिल्या आठवड्यात सगळी पाकिटं. बातमी कळली की जो तो भेटायला येतो आणि काहीतरी हातावर ठेवून जातो. ते पैसे तपासण्यांतच संपतात. केमो बऱ्याचदा दर २१ दिवसांनी, महिनोनमहिने. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे. त्या काळात कमावता माणूस घरी, त्याच्या सोबत जाणाऱ्याचे खाडे, आणि दूधवाला, घरभाडं, मुलांची फी हे सगळं चालूच. चौथ्या महिन्यात फोन करणारंही कोणी उरत नाही, आणि घर मोडतं ते तेव्हा. म्हणून मी नातेवाइकांना एकरकमी देऊच देत नाही. एकाने किराणा भरायचा, एकाने भाडं, एकाने फी, ज्याने त्याने ठरल्या तारखेला. दोन हजार का असेनात, पण आठ महिने. लोक कुरकुरतात, मी ऐकत नाही.

आता बाकीच्या चुका.

टाटा मेमोरियलला नाव नोंदवताना लवकर नंबर लागेल म्हणून प्रायव्हेट कॅटेगरी घेऊ नका. जनरलमध्ये खर्च कितीतरी कमी येतो, आणि नंतर बदलून घेणं सोपं नसतं. पैशाची अडचण असेल तर तिथल्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जा.

दुसऱ्या हॉस्पिटलात जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. बायोप्सीच्या स्लाइड (काचपट्ट्या) आणि तपासणीचा तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक लॅबमधून मागून घ्या, नाहीतर बायोप्सी पुन्हा करायची वेळ येते.

मोठं ट्रस्टचं हॉस्पिटल दिसलं की "आपल्याला परवडणार नाही" म्हणून परत फिरू नका. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. तिथेही उत्पन्नाचा दाखला लागतोच.

मुंबईत लॉजवर पैसे घालवू नका. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती इथे आधी चौकशी करा.

रेल्वेचं पूर्ण तिकीट काढू नका. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत १०० टक्के सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यायचा.

व्हॉट्सॲपवर मदतीचं आवाहन करताना रुग्णाचं आधारकार्ड आणि केस गेलेला फोटो फिरवू नका. त्या माणसाला बरं होऊन त्याच गावात राहायचं आहे.

सावकाराकडे जाण्याआधी प्रॉव्हिडंट फंड बघा. कॅन्सरसाठी त्यातून आगाऊ रक्कम काढता येते.

आणि पैसे देताना ते उसने की मदत, हे देतानाच सांगा. उसने असतील तर कधीपर्यंत, तेही बोला. मोघम दिलेल्या पैशांवरून पुढे दिवाळीला एकमेकांकडे जाणं थांबलेली दोन घरं माझ्याच नात्यात आहेत.