वाचनाच्या धोरणात शिक्षकाचा आवाज

नव्यानं शिक्षक झालेल्यांना वाटतं, धोरणं वर ठरतात, आपण फक्त राबवायची. मला हे अजिबात पटत नाही. तिसरीतलं मूल वाचताना नेमकं कुठे अडखळतं हे रोज आपल्याच कानांवर पडतं, आणि आपल्या शब्दाला वजन येतं ते त्यामुळेच.

म्हणून सुरुवात नोंदींपासून करा. मुलाला अनोळखी उतारा द्या, एक मिनिट वाचू द्या, किती शब्द बरोबर आले ते लिहा. पण चूक कशी झाली हेही टिपा, कारण खरी माहिती तिथेच असते. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं 'झाडू' हा शब्द शेजारचं झाडाचं चित्र बघून 'झाड' असा वाचला. चित्र झाकलं, तर पुढं सरकेचना. अक्षरं आणि मात्रा न वाचता ती अंदाजानं पुढे जात होती. अशा काही नोंदी, मुलांची नावं वगळून, पालकसभेत वाचून दाखवल्या. 'मुलं अभ्यासच करत नाहीत' हा नेहमीचा सूर थांबला आणि 'वाचनाला रोज वेळ किती देता?' असं पालक विचारू लागले.

नोंदी जमल्या की मागणीचं निवेदन लिहा. त्यात 'वाचनाकडे लक्ष द्यावे' एवढंच लिहिलं, तर सगळे माना डोलावतात आणि कागद फायलीत जातो. एकच मागणी करा, एका पानात, खर्चासकट. ती कुणाच्या अखत्यारीत येते तेही बघा: वेळापत्रक मुख्याध्यापक बदलू शकतात, पुस्तकांचा निधी बहुधा वरून येतो. निधी हवा असेल तर अर्थसंकल्प ठरायच्या आधी जा. धोरणाच्या मसुद्यावर सूचना मागवल्या की मुदतीत पाठवा. सरकारी नोकरीत असाल तर सेवानियम वाचून घ्या. संघटनेमार्फत बोलणं पुष्कळदा सोयीचं पडतं.

इतरांच्या धोरणाचा दाखला देताना ते पूर्ण वाचा. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यानं २०१३ मध्ये वाचनाचा कायदा केला. वाचता न येणाऱ्या मुलांना तिसरीतच ठेवायचं, एवढंच त्यातलं लोकांच्या लक्षात राहतं. पण त्याच्या जोडीला लवकर चाचण्या होत्या, शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, शाळांत जाऊन मदत करणारे वाचन-मार्गदर्शक होते. आपण मागायचं ते हे.

८ सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन असतो. १९६७ पासून तो पाळला जातो. त्या दिवशी अधिकाऱ्यांना भाषणाला बोलावू नका. वर्गात मुलांशेजारी बसवा, दोन-तीन मुलांचं वाचन ऐकू द्या आणि निवेदन त्यानंतर हातात द्या.