गोल्डन गेट पुलावर भाड्याची गाडी नेताना
सॅन फ्रान्सिस्कोच्या या पुलाचा रस्ता दोन्ही पदपथांच्या मधे 62 फूट, आणि त्यात सहा लेन. म्हणजे एकीला जेमतेम दहा फूट. अमेरिकी महामार्गावर बारा असतात. भारतातून नव्याने गेलेल्यांची इथे हमखास गफलत होते: स्टीअरिंग डावीकडे, पण अंगवळणी पडलेली बसायची जागा लेनच्या उजव्या बाजूची, त्यामुळे गाडी नकळत उजवीकडे सरकते. शेजारच्या बसकडे बघू नका, नजर लांब पुढे ठेवा. तिला समांतर तर राहूच नका. थोडं मागे राहा किंवा पुढे निघा. लेन पुलाआधीच पकडा. वेग ताशी 45 मैलांच्या आत. फोटो? उत्तर टोकाच्या व्हिस्टा पॉइंटला, गाडी लावून.