अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे? या चुका टाळा

आईची बीपीची गोळी पाचवरून दहा मिलिग्रॅमवर गेली आणि तीन आठवड्यांत चपलांचे पट्टे तिच्या पायांत रुतायला लागले. संध्याकाळी घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि सावकाश भरायचा. मीठ जास्त होतंय म्हणून तिने लोणचं बंद केलं. शेजारच्या काकू स्वतःची लघवीची गोळी घेऊन आल्या, ती मात्र मी परत पाठवली.

लोणचं बिचारं निर्दोष होतं. (कमी खाल्लेलं बीपीला बरंच, ते वेगळं.) अ‍ॅम्लोडिपिनने बारीक रोहिण्या (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्या) सैलावतात, शिरा (रक्त परत नेणाऱ्या) तेवढ्या सैलावत नाहीत. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो, पाणी बाहेर झिरपतं आणि घोट्याशी साचतं. अंगात पाणी जास्त झालेलं नसतं, म्हणून लघवीच्या गोळीने या सुजेला फारसा उतार पडत नाही. सोडियम-पोटॅशियम मात्र बिघडू शकतं. डॉक्टरांनी डोस पुन्हा पाचवर आणला, जोडीला टेल्मिसार्टन ही बीपीचीच दुसरी गोळी दिली आणि सूज ओसरली. पण एकाच पायाला सूज असेल किंवा दम लागत असेल, तर गोळीवर खापर फोडत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

चार दिवसांत फरक नाही म्हणून गोळी सोडणं ही दुसरी चूक. रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायला ३० ते ५० तास लागतात, त्यामुळे पूर्ण असर दिसायला आठवडा-दीड आठवडा जातो. एखादी गोळी राहिली तर आठवल्यावर घ्या. बारा तास उलटले असतील तर सोडून द्या. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. आणि बीपी नॉर्मल आलं ते गोळीमुळेच, तेव्हा ती मनाने बंद करू नका.

‘कॅल्शियम चॅनल ब्लॉकर’ हे नाव वाचून आईने दूधही वाढवलं होतं. हाडांशी याचा संबंध नाही. रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत शिरणारं कॅल्शियम तेवढं ही गोळी रोखते.

कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन असेल तर सोबत त्याचा डोस २० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सोबत घेतलं तर बीपी फार उतरू शकतं. अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या हिरड्याही फुगतात. आईच्या गोळ्यांच्या पट्ट्यांचा फोटो मी मोबाइलमध्ये ठेवलाय. परवा दातांच्या डॉक्टरांनी तोंड बघायच्या आधी तोच मागितला.