स्की क्लबच्या लॉजसाठी वर्गणी जमवताना : कॅनडातल्या छोट्या गावात नव्याने आलेल्यांसाठी माझा अनुभव

आपल्याकडे लॉज म्हटलं की रात्री राहायची खोली डोळ्यासमोर येते. इथे क्रॉस कंट्री स्की (बर्फातल्या वाटांवरून स्की घालून चालत-सरकत जायचा खेळ) क्लबच्या डे लॉजमध्ये कोणी राहत नाही. लाकडाची एक मोठी खोली, मधे लाकडं जाळायची शेगडी, बूट बदलायला बाकं, डबा खायला टेबलं, कडेला स्की नीट सरकावी म्हणून तिला वॅक्स (मेण) लावायची छोटी खोली आणि बाथरूम, झालं. पण बाहेर उणे १५ असताना सात-आठ वर्षांची पोरं दोन तास बर्फात खेळून आत येतात तेव्हा ती खोली नसेल तर क्लबच चालणार नाही. ब्रिटिश कोलंबिया (बीसी) प्रांताच्या कूटनी भागात आमचं गाव आहे आणि आमच्या क्लबचं हे लॉज सभासदांनी १९८० च्या दशकात स्वतःच्या हातांनी बांधलेलं. मी २०२१ मध्ये पहिल्यांदा आत गेले तेव्हा शेगडीच्या बाजूला छतातून गळणाऱ्या पाण्याखाली बादली ठेवलेली होती आणि सगळे ती बादली चुकवून सवयीने चालत होते.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली, बीकॉम-एमकॉम कराडला, इथे एका कंपनीत अकाउंट्स बघते. मुलीला जॅकरॅबिट प्रोग्रॅमला घातलं म्हणून मी क्लबमध्ये आले. (हर्मन स्मिथ-योहान्सन नावाचे नॉर्वेहून आलेले गृहस्थ, ज्यांना सगळे जॅकरॅबिट म्हणायचे, १८७५ ला जन्मले आणि १९८७ ला वारले, म्हणजे १११ वर्षं जगले आणि शंभरी ओलांडल्यावरही स्की करायचे, त्यांच्या नावावरून पोरांच्या या शिकवणीला नाव पडलंय.) पहिल्या वर्षी मी सूपच्या काउंटरला उभी राहिले, दुसऱ्या वर्षी वार्षिक सभेत कळलं की खजिनदाराची जागा रिकामी आहे आणि कोणीतरी माझ्याकडे बघितलं. तुम्हीही छोट्या गावात आलात तर तुमच्यावर ही वेळ येणार, विशेषतः हिशोब येत असेल तर. हो म्हणा. गावात ओळख व्हायला याच्याइतका जवळचा रस्ता मला तरी दुसरा दिसला नाही. आणि घाबरू नका, ज्याने लहानपणी गणपतीची पावती पुस्तकं घेऊन दारं वाजवलीत, गावच्या देवळाचा जीर्णोद्धार लोकवर्गणीतून होताना बघितलाय, त्याला यातलं निम्मं आधीच येत असतं.

आता मुद्द्याचं. मोठ्या ग्रँटच्या मागे आधी धावू नका, पहिले पैसे आतल्या माणसांचे आले पाहिजेत. आम्ही उलटं केलं आणि एक पूर्ण वर्ष घालवलं.

झालं असं की २०२२ च्या वसंतात आम्ही उत्साहात एका ठिकाणी अर्ज केला, अंदाजपत्रक एका कॉन्ट्रॅक्टरच्या तोंडी आकड्यावर, क्लबचा स्वतःचा वाटा म्हणून 'जमवणार आहोत' एवढंच लिहिलेलं. नापास. फोन करून विचारलं (हे नेहमी करा, बहुतेक ठिकाणी सांगतात) तर तीन गोष्टी कळल्या. एक म्हणजे जमीन. आमचं लॉज सरकारी जमिनीवर आहे, इथे क्राउन लँड म्हणतात, आणि ट्रेल्स आणि इमारत क्लब सांभाळतो ते प्रांताच्या रिक्रिएशन साइट्स अँड ट्रेल्स विभागाबरोबरच्या करारावर. म्हणजे इमारतीला हात लावायच्या आधी त्यांची लेखी परवानगी हवी, आम्ही ती गृहीत धरली होती. दुसरं, कोटेशन तीन हवीत आणि लेखी हवीत. तिसरं सगळ्यात लागलं. त्यांनी विचारलं, तुमच्या बोर्डावरच्या, म्हणजे क्लबच्या कार्यकारिणीतल्या, किती जणांनी स्वतः पैसे दिलेत? उत्तर होतं शून्य. नऊ जणांपैकी कोणीच नाही, कारण आम्ही एकमेकांना कधी विचारलंच नव्हतं. आम्ही वेळ देतो तेवढं पुरे असं सगळ्यांच्या मनात होतं.

मग पुढच्या मीटिंगला आम्ही ठरवलं की जाहीर करायच्या आधी नऊच्या नऊ जणांनी द्यायचं, कितीही. एका विद्यार्थ्याने ५० डॉलर दिले, एका जोडप्याने ५,०००. आकडा कोणालाच सांगितला नाही, फक्त 'बोर्डावरच्या प्रत्येकाने दिलेत' एवढं वाक्य आम्हाला मिळालं आणि त्या वाक्याची किंमत मला पुढे दोन वर्षं कळत राहिली.

अंदाजपत्रकाबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण नवीन माणूस इथेच अडकतो. आमचं काम होतं छत, इन्सुलेशन, वॅक्स रूमचा हवा बाहेर काढणारा पंखा, बाथरूम आणि व्हीलचेअरसाठी रॅम्प. रॅम्प म्हटल्यावर लोकांना वाटतं दोन फळ्या. पण उतार १ ला १२ लागतो, आमच्या दाराचा उंबरा जमिनीपासून ७५ सेंटिमीटर वर, म्हणजे ९ मीटर लांबीचा रॅम्प, शिवाय वर-खाली सपाट जागा, शिवाय कठडे. छताला इथल्या बर्फाच्या वजनाचा हिशोब लागतो आणि तो इंजिनिअरकडून सही करून घ्यायचा, त्याची फी वेगळी. लाकडाच्या शेगडीची तपासणी केल्याचं सर्टिफिकेट विमा कंपनी मागते. आणि जीएसटी! आमच्या एका कोटेशनमध्ये ५ टक्के जीएसटी धरलाच नव्हता, माझ्या लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर हजारो डॉलरचा खड्डा पडला असता. वर अचानक निघणाऱ्या खर्चासाठी १५ टक्के ठेवा, जुन्या लाकडी इमारतीत भिंत उघडली की काहीतरी कुजलेलं निघतंच. वॅक्स रूमच्या पंख्यावर मात्र वाद झाला. ज्याचा धूर घातक समजतात त्या फ्लोरिनवाल्या वॅक्सवर आंतरराष्ट्रीय स्की संघटनेने २०२३-२४ च्या सीझनपासून बंदी घातली, मग पंख्याला खर्च कशाला असं काही जण म्हणाले. पण गरम इस्त्रीने साधं वॅक्स लावतानाही धूर होतोच आणि त्या खोलीत पोरं उभी असतात, त्यामुळे मी पंखा सोडायला तयार नव्हते आणि अजूनही मला ते बरोबरच वाटतं. सगळं धरून आकडा आला २ लाख ९० हजार डॉलर. त्यातले पाऊण लाख आपल्या माणसांकडून आणि गावातून उभे करायचे ठरले.

आता मागायचं कसं. आम्ही चौदा घरांची यादी केली, जी मोठी रक्कम देऊ शकतील असं आम्हाला वाटत होतं, आणि ईमेल न पाठवता प्रत्येकाच्या घरी जाऊन स्वयंपाकघरात बसून बोललो. दोघं जायचं, एकाने लॉजबद्दल बोलायचं, दुसऱ्याने रक्कम सांगायची. रक्कम सांगायचीच. 'जमेल तेवढं द्या' म्हटलं की समोरचा अवघडतो, त्याला कळत नाही किती दिलं म्हणजे बरं. 'छताच्या एका भागाला दोन हजार लागतायत, तुम्ही तो उचलाल का' असं म्हटलं की त्याला विचार करता येतो. आणि विचारून झाल्यावर गप्प बसायचं. हे गप्प बसणं मला फार जड गेलं, आपल्याकडे लगेच 'नाही जमलं तरी काही नाही हं' म्हणायची सवय असते, ते म्हणालात की संपलं.

या यादीतली एक चूक मला अजून टोचते. क्लब सुरू करणाऱ्यांपैकी एक आजोबा आहेत, ऐंशीच्या पुढे, लॉजची पहिली ओंडकी त्यांनी रचलेली. ते पेन्शनवर आहेत, छोट्या घरात राहतात, म्हणून आम्ही त्यांचं नाव यादीत घातलंच नाही, उलट त्यांच्याकडून दर शनिवारी सरपण फोडून घेत होतो. एका शनिवारी ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "छताला किती कमी पडतायत?" मी म्हटलं अठरा हजार. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तू मला कधी विचारलंच नाहीस." मला काय बोलावं कळेना. त्यांनी दोन हजार दिले. त्यापेक्षा मोठं म्हणजे त्यांनी घरी जाऊन सहा जुन्या सभासदांना फोन केले, त्यातले तिघं आता दुसऱ्या प्रांतात राहतात, आणि पंधरा दिवसांत छताचा आकडा पुरा झाला. कोण देऊ शकतं आणि कोण नाही हे आपण त्यांच्या वतीने ठरवून टाकतो, त्यात त्यांचा अपमानच होतो.

टॅक्सच्या पावतीबद्दल नीट वाचा. इथे आमच्यासारखा क्लब बहुतेक वेळा नॉन-प्रॉफिट सोसायटी असतो, नोंदणीकृत चॅरिटी नसतो, आणि हे दोन वेगळे प्रकार आहेत. सोसायटीला देणगीवर इन्कम टॅक्सची पावती देता येत नाही. आमच्या पहिल्या पत्रकावर कोणीतरी 'टॅक्स रिसीट मिळेल' छापून टाकलं आणि मला एकोणीस जणांना फोन करून सांगावं लागलं की तसं नाहीये, पैसे परत हवेत का. दोघांनी परत घेतले, त्यांचं काही चुकलं नाही. नंतर आम्ही नॅशनल स्पोर्ट ट्रस्ट फंडात आमचा प्रोजेक्ट मंजूर करून घेतला, बीसीमध्ये ते व्हायास्पोर्ट ही खेळांची संस्था बघते, देणगी तिथे जाते, पावती तिथून मिळते, पैसे प्रोजेक्टला येतात. हे आधी करा, पत्रक नंतर छापा.

कार्यक्रमांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. बाटल्या गोळा केल्या, इथे प्रत्येक बाटली-कॅनवर १० सेंट डिपॉझिट परत मिळतं, वीस माणसं दोन वीकेंड राबून ११ हजार बाटल्या, म्हणजे ११०० डॉलर. आमटी आणि ब्रेड विकला, २० लिटरचं पातेलं दोनदा रिकामं झालं, पण त्याआधी आरोग्य खात्याची परवानगी आणि स्वयंपाकातल्या एकाकडे तरी फूडसेफचं (अन्न सुरक्षित हाताळायच्या शिकवणीचं) सर्टिफिकेट लागतं. रॅफल (तिकिटं विकून बक्षिसांची सोडत) काढायचं तर प्रांताचं लायसन्स लागतं, न घेता तिकिटं विकू नका. ऑक्टोबरातला स्की स्वॅप मात्र सोन्यासारखा, लोक पोरांचे लहान झालेले बूट-स्की आणून विकतात, क्लब विक्रीचा काही हिस्सा ठेवतो आणि नवीन कुटुंबं तिथेच सभासद होतात. एकूण सांगायचं तर वर्षाला दोनच कार्यक्रम करा. सात केलेत तर तीच दहा माणसं थकतात आणि तीच दहा माणसं तुम्हाला पुढे कामाला लागणार असतात.

पाऊण लाखातले साठ हजार हातात आल्यावर आम्ही पुन्हा अर्ज केले आणि या वेळी बोलणंच वेगळं झालं. प्रांताची कम्युनिटी गेमिंग ग्रँट्स म्हणून योजना आहे, जुगार-लॉटरीच्या उत्पन्नातून वर्षाला १४ कोटी डॉलर सुमारे ५,००० संस्थांना जातात, आणि बांधकामाच्या प्रकारात ते खर्चाच्या जास्तीत जास्त अर्धे देतात. म्हणजे उरलेले अर्धे तुमचे तुम्ही दाखवायचे. स्वतःचे पैसे आधी असणं किती कामाला येतं ते इथे कळतं. सभासदांच्या श्रमदानाचे तासही हिशोबात धरता येतात का ते प्रत्येक ठिकाणी विचारा आणि पहिल्या दिवसापासून वही ठेवा, तारीख, नाव, तास, काम. आम्ही ती वही शेगडीशेजारी दोरीने बांधून ठेवली होती. शाळेकडून, ज्येष्ठांच्या ग्रुपकडून पाठिंब्याची पत्रं घ्या, पण मजकूर त्यांनाच लिहू द्या, सगळी पत्रं एकसारखी दिसली तर वाचणाऱ्याला कळतं. आणि मंजुरीचं पत्र यायच्या आधी एक खिळाही विकत घेऊ नका, आधी झालेला खर्च सहसा धरत नाहीत.

दुसरा अर्ज कोलंबिया बेसिन ट्रस्टकडे होता आणि तो लिहिताना मी जरा हलले. अमेरिकेबरोबरच्या कोलंबिया नदीच्या करारामुळे १९६७ ते १९७३ मध्ये कॅनडाच्या बाजूला डंकन, कीनलीसाइड आणि मायका अशी तीन धरणं झाली, ॲरो लेक्सच्या काठची गावं, शेतं, बागा पाण्याखाली गेल्या, दोन हजारांहून जास्त माणसं उठवली गेली. इथल्या लोकांनी नंतर भांडून १९९५ मध्ये हा ट्रस्ट मिळवला, आता वीज प्रकल्पांच्या उत्पन्नातून या खोऱ्यातल्या कामांना पैसे येतात. माझ्या आईचं माहेर कोयनेच्या शिवसागरात गेलं. आजी शेवटपर्यंत पाण्याकडे बोट करून 'तिथं आपलं जोतं' म्हणायची. क्लबमधल्या एका बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, माझी आजीपण असंच बोट करायची. आम्ही दोघींनी तो अर्ज मिळून लिहिला.

पैसे आल्यावर खजिनदाराचं खरं काम सुरू होतं. ग्रँटचे पैसे टप्प्याटप्प्याने येतात, काही काम झाल्याचा रिपोर्ट दिल्यावर, पण कॉन्ट्रॅक्टरला दर महिन्याला द्यावे लागतात, त्यामुळे महिन्यावार रोख पैशाचा तक्ता आधीच करा. बीसीच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक बिलातले १० टक्के राखून ठेवायचे असतात आणि काम पूर्ण झाल्यावर ५५ दिवसांनी सोडायचे, ते पैसे वेगळे दिसले पाहिजेत, चुकून खर्च होता कामा नयेत. मी दर महिन्याला एका पानाचा हिशोब लॉजच्या दारावर लावायचे, किती आले, किती गेले, किती बाकी. लोक बूट घालता घालता तो वाचायचे. त्या पानामुळे न मागता आलेल्या देणग्या मी मोजल्यात, एकतीस.

छत २०२४ च्या सप्टेंबरात झालं, रॅम्प ऑक्टोबरात. दारापाशी जुन्या लाकडी स्कींवर देणाऱ्यांची नावं लिहिलीत, रकमेशिवाय, आडनावाच्या क्रमाने, श्रमदानवाले आणि पैसेवाले एकत्र. आजोबांनी स्वतःचं नाव स्वतः कोरलं. बाथरूमच्या फरशीला अजून ४,२०० कमी आहेत आणि दारावरच्या पानावर या महिन्याला तोच आकडा सगळ्यात वर आहे.