नैरोबीत स्वाहिली बातम्या वाचायच्या असतील तर

केनियात संध्याकाळी ७ला स्वाहिली बातमीपत्र, रात्री ९ला इंग्रजी, ही मोठ्या वाहिन्यांची जुनी घडी. निवेदकाच्या खुर्चीत सहसा थेट कोणी बसवत नाही. आधी रिपोर्टिंग नाहीतर रेडिओ. मीडिया कौन्सिल ऑफ केनियाचं पत्रकार ओळखपत्र मात्र वेळेवर काढून ठेवा.

शोरील, म्हणजे तुमच्या कामाची नमुना चित्रफीत, दीड-दोन मिनिटांची पुरे. सुरुवातीलाच चेहरा आणि आवाज दिसू द्या. पार्श्वसंगीत नकोच, उच्चार त्याखाली दबतात.

खरी गोची वेळेची. स्वाहिली घड्याळात दिवसाचे तास सकाळी ६पासून मोजतात. दुपारचे २ म्हणजे ‘सा नाने’, आठवा तास. इंग्रजी बातमी घाईत उतरवली की प्रॉम्प्टरवर (निवेदकासमोर मजकूर सरकवणारा पडदा) ‘२’ तसाच राहतो, तोंडातून ‘सा म्बिली’, म्हणजे दुसरा तास, निघतं आणि प्रेक्षक सकाळचे ८ समजतो. म्हणून वेळ आणि आकडे अक्षरांतच लिहा, आणि बातमीपत्राआधी एकदा मोठ्याने वाचा. स्वाहिली शब्दात आघात, म्हणजे उच्चारातला जोर, शेवटून दुसऱ्या अक्षरावर. तो चुकला की कानाला लगेच खटकतं.

प्रॉम्प्टर कधीतरी बंद पडतोच. छापील स्क्रिप्ट समोर हवी, आणि प्रॉम्प्टर नीट चालू असतानाही प्रत्येक बातमीनंतर पान सरकवत राहा. नाहीतर ऐनवेळी पान शोधताना कॅमेरा तुमचं डोकंच दाखवतो.