हीटिंगचं बिल फुगतंय? या चुका टाळा

थंडी पडली की हीटर बाहेर निघतो आणि महिन्याने बिल आलं की आपण डोक्याला हात लावतो, दरवर्षीचं ठरलेलं. मग दोष कुणाला तर हीटरला, जुना झालाय, नवीन घेऊया. पण बऱ्याचदा हीटर बिचारा त्याचं काम नीट करत असतो, उष्णता घरात टिकत नाही ही खरी भानगड असते.

माझीच जुनी खोड सांगतो. बाहेरून गारठून आलो की तापमान ठरवणारा थर्मोस्टॅट थेट २८ वर, का तर घर लवकर तापेल. तसं होत नाही हो. साधा हीटर २० ला लावा नाहीतर २८ ला, तो तापवतो त्याच वेगाने, फक्त २८ ला लावला की २० ला थांबत नाही, पुढे तापवतच बसतो आणि तासाभराने आपणच घामाघूम होऊन खिडकी उघडतो. पैसे मोजून तापवलेली हवा आपल्याच हाताने बाहेर! जागतिक आरोग्य संघटना थंडीत घरात निदान १८ अंश ठेवा म्हणते, लहान बाळ किंवा वयस्कर माणसं असतील तर थोडं जास्त. त्याच्या वर जो काही आकडा लावाल तो आपल्या हौसेचा, आणि आत-बाहेरच्या तापमानातला फरक जितका मोठा तितकी उष्णता जोरात बाहेर पळते, त्यामुळे एखादा अंश खाली आणला तरी बिलात कळतं.

याच हिशोबाने "दिवसभर चालू ठेवलं की स्वस्त पडतं, परत परत तापवावं लागत नाही" हेही चूक. घर थंड होत जातं तसतशी बाहेर जाणारी उष्णता कमी होते, म्हणजे बंद ठेवलेल्या वेळात वाचतंच. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारं यंत्र, त्याबद्दल पुढे) असेल तर मात्र फार खाली-वर करू नका, त्याला एकदम मोठी मजल मारायला लावली की काही मॉडेलमधे आतली साध्या हीटरसारखी तापणारी कॉइल मदतीला येते आणि ती दणकून वीज खाते.

आता खरेदीबद्दल, कारण इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. "कमी वीज, जास्त उष्णता" असं खोक्यावर छापलेलं असतं ना, त्यावर जाऊ नका. १५०० वॅटचा हीटर तासभर सलग चालला की दीड युनिट जातं, मग तो ऑइलचा असो, फॅनचा असो की सिरॅमिकचा, आणि दीड युनिटाची उष्णताही तेवढीच मिळते. फॅनवाला पटकन ऊब देतो, ऑइलवाला बंद केल्यावरही थोडा वेळ गरम राहतो, लाल कांड्यांचा समोर बसलेल्या माणसाला थेट शेकतो, एवढाच काय तो फरक. खरा वेगळा प्रकार म्हणजे हीट पंप, किंवा हॉट मोड असलेला एसी. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या थंड हवेतूनच ओढून आत आणतो, म्हणून एका युनिटात साधारण तीन युनिटांची उष्णता मिळू शकते (कडाक्याच्या थंडीत कमी). कितीतरी लोकांच्या भिंतीवर असा एसी असतो आणि ते त्याच्याखाली दोन हजार वॅटचा हीटर लावून बसतात!

पण काहीही घेण्याआधी फटी शोधा. वाऱ्याच्या दिवशी पंखे बंद करा, उदबत्ती पेटवा आणि खिडकीच्या चौकटीच्या, दाराच्या कडेकडेने हळूहळू फिरवा (पडद्यांपासून लांब), जिथे धूर तिरका होईल तिथे फट आहे. मी केलं तेव्हा खिडक्या ठीक निघाल्या, चोर निघालं एसीच्या पाइपाचं भोक, वर्षानुवर्षं कुणाचं लक्षच नाही. फोमची चिकटपट्टी, दाराखाली ब्रश नाहीतर जुन्या चादरीची गुंडाळी, काम होतं. उन्हाच्या बाजूचे पडदे दिवसा उघडे, अंधार पडला की सगळे बंद. आणि बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन काम झालं की बंद करा, तो चालू राहिला की गरम हवा बाहेर आणि तेवढीच गार हवा फटींतून आत.

एक मात्र अजिबात करू नका, खोलीत गॅसचा हीटर, शेगडी किंवा कोळसा जळत असेल तर हवा येण्याच्या जागा बुजवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही रंग नाही, झोपेत कळतही नाही. कोळशाची शेगडी तर बंद खोलीत नकोच.

आता नेहमीच्या तक्रारी. रेडिएटर (आतून गरम पाणी फिरून खोली तापवणारं भिंतीजवळचं पॅनेल) खाली गरम, वर गार? आत हवा अडकलीय. सिस्टीम बंद करून थंड होऊ द्या, वरचा छोटा व्हॉल्व्ह चावीने जरासा सैल करा, फुस्स आवाज थांबून पाणी आलं की घट्ट करा आणि ते पाणी तापवणाऱ्या बॉयलरचं प्रेशर बघा. उलटं असेल, वर गरम आणि खाली गार, तर बहुतेक तळाला गाळ आहे, प्लंबर बोलवा. एकच खोली तापत नाही? आधी सोफा बघा, रेडिएटरला चिकटवून ठेवला असेल तर आपण सोफ्याची पाठ शेकतोय. फॅन हीटर पाच मिनिटात गप्प होतो? बहुतेक जाळीत धूळ, जास्त तापला की तो स्वतःच बंद पडतो, प्लग काढून साफ करा. प्लगच गरम होतोय तर लगेच थांबवा, २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढतो, स्वस्तातल्या एक्स्टेंशन बोर्डला ते झेपत नाही.

सकाळी काचांवर पाणी दिसतं त्याचं कारण बहुतेकदा आतच वाळत घातलेले कपडे. अशावेळी खिडकी दिवसभर किलकिली ठेवण्यापेक्षा पाच-दहा मिनिटं सताड उघडा आणि बंद करा. दमट हवा जाते, आणि भिंती-फर्निचर तेवढ्यात गार होत नाहीत, खरी ऊब त्यांच्यातच साठलेली असते.

हे सगळं एकदम करू नका, नाहीतर नेमकं कशाने वाचलं ते कळणार नाही. झोपताना मीटरचा आकडा लिहून ठेवा, सकाळी परत बघा, मग एक बदल करून तशाच थंडीच्या रात्री पुन्हा मोजा. बिलाची महिनाभर वाट बघायची गरज नाही.